रेघेवरचा आळ

काळ्या शाईत छापलेल्या चार चौकोनांना आणि सहा रेघांना चित्र म्हणायचे असेल, तर माझ्या खिडकीच्या जाळीलाही म्हणा, असे कल्याणातल्या एका ज्येष्ठ चित्रकला-शिक्षकांनी अलीकडे एका चर्चेत ऐकवले. विषय होता आधुनिक कलेतल्या भौमितिक अमूर्त वुडकटचा, म्हणजे लाकडाच्या फळीवर कोरून कागदावर छापलेल्या, पण ज्यांत माणूस, झाड, घर असे काही ओळखू येत नाही अशा चित्रांचा. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांच्या हाताखाली कल्याणातल्या दोन पिढ्या पेन्सिल धरायला शिकल्या आहेत. त्यांच्या शब्दाला इथे वजन आहे, आणि अनेकांच्या मनातलेच ते बोलले आहेत. म्हणून त्यांना उत्तर द्यायला हवे.

सरांचे म्हणणे आधी नीट मांडतो. वुडकट हे लढणाऱ्यांचे आणि गरिबांचे माध्यम. चित्तप्रसादांनी लिनोवर, सोमनाथ होरांनी लाकडावर उपाशी, राबणारी, झगडणारी माणसे कोरली. भूमितीवाल्यांनी त्यातून माणूसच काढून टाकला आणि उरली ती दिवाणखान्यात लावायची नक्षी. शिवाय ही तऱ्हा परदेशातून उसनी आणलेली. त्यात हे सगळे छापील, एकाच्या पंचवीस प्रती निघणार, म्हणजे अस्सल असे त्यात काय राहिले? आणि शेवटचा घाव असा, की लोकलच्या दारात लटकून मुंबई गाठणाऱ्या कल्याण-डोंबिवलीच्या माणसाचा या चौकोनांशी संबंध काय?

यातला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर आपल्या शहराला लागूनच आहे. पण तिथे जाण्याआधी जाळीचे पाहू.

भूमिती वेगळी आणि चित्र वेगळे, ही समजूत आपल्याला शाळेने दिली. महाराष्ट्रात चित्रकलेची आवड असलेला जवळजवळ प्रत्येक मुलगा-मुलगी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना बसते. त्यात स्थिरचित्राचा पेपर असतो, स्मरणचित्राचा असतो, संकल्पचित्राचा असतो आणि कर्तव्य भूमिती व अक्षरलेखनाचाही असतो. पेपर वेगळे ठेवण्यात गैर काही नाही. पण त्यातून मनावर बिंबते ते असे: भूमितीत गुण मिळतात ते कंपास अचूक चालल्याबद्दल, संकल्पचित्रात मिळतात ते दिलेला आकार सुबक भरल्याबद्दल, आणि खरे चित्र म्हणजे स्मरणचित्र, ज्यात बाजार असतो, एसटी स्टँड असतो, माणसे असतात. ठशांची तर त्याहून आबाळ. भेंडी आडवी कापून, बटाटा कोरून रंगात बुडवायचा, हे ठसेकाम पहिली-दुसरीत येते आणि तिथेच संपते. पुढे जन्मभर ठसा म्हणजे लहान मुलांचा खेळ आणि भूमिती म्हणजे गुणांचा विषय. या दोन्हींची सांगड घालणारे चित्र समोर आले की आपल्याला खिडकीची जाळी आठवते, यात नवल नाही.

जाळी आणि चित्र यांत फरक मात्र आहे, आणि तो डोळ्यांनी पाहता येतो. नक्षीतला एक घटक कळला की पुढची सगळी नक्षी कळली. ती भिंतभर पसरू शकते, कुठेही तोडली तरी चालते. चित्राला कडा असते आणि त्या कडेच्या आत काहीतरी ठरत असते. ब्राझीलच्या लिजिया पापे यांनी १९५०च्या दशकात ‘तेसेलारेस’ नावाची वुडकटची मालिका केली. तेसेलारेसचा संबंध विणण्याशी आहे. पातळ जपानी कागद, काळी शाई आणि पट्टीने आखून कोरलेल्या सरळ रेघा, एवढेच साहित्य. पहिल्या नजरेला वाटते, हे तर कापडाचे डिझाइन. जरा थांबून पाहिले की लक्षात येते, रेघांचा एक गठ्ठा मध्येच सरकला आहे, दोन पट्ट्यांमधली फट एका टोकाला अरुंद झाली आहे, आणि ज्याला आपण सपाट काळा समजलो त्यात लाकडाच्या अंगच्या रेषा उमटल्या आहेत. पट्टीच्या रेघा आणि झाड वाढताना पडलेल्या रेषा एकमेकींवर आल्या आहेत. हा घटक उचलून भिंतभर पसरवून पाहा; चित्र मोडते. जाळी मोडत नाही.

हे घडते कसे, ते समजायला फळीजवळ जावे लागेल. वुडकटमध्ये जे कोरून काढले ते कागदावर पांढरे राहते आणि जे शिल्लक ठेवले त्याला शाई लागते. म्हणजे काळी रेघ हवी असेल तर रेघ कोरायची नसते, तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढायचे असते. लाकूड काही मेणासारखे सगळीकडे सारखे नसते. रेषांच्या दिशेने पटाशी सरसर जाते, आडवी नेली की अडते, गाठ आली की उसळते. कॅनव्हासवर चुकलेला हात दुसऱ्या रंगाखाली झाकता येतो. फळीवरून खपली उडाली तर ती परत बसत नाही. मग शाईचा रोलर फिरवायचा, कागद ठेवायचा, छापयंत्र नसेल तर मागून चमच्याने घासायचे, आणि कागद उचलेपर्यंत नेमके काय उमटले ते कळत नाही. आकृती जितकी साधी, तितका हा धोका मोठा. गर्दीच्या चित्रात एक चुकार ओरखडा खपून जातो. कोऱ्या चौकोनात तोच ओरखडा सगळ्या चित्राचा अर्थ बदलतो. ‘हे कुणालाही जमेल’ असे म्हणणाऱ्याने पाइन लाकडाच्या तुकड्यावर रेषांच्या आडवी एक सरळ, अखंड, बोटभर लांब काळी रेघ उभी ठेवून दाखवावी. सर स्वतः लाकूड जाणतात. हे त्यांना मान्य होईल.

आता माणसाबद्दल. भूमितीने वुडकटमधून माणूस काढून टाकला, हा आरोप ज्यांच्या कामापुढे टिकत नाही अशा एका चित्रकर्तीचे नाव घेतो: झरीना हाश्मी. त्या नुसते ‘झरीना’ असेच नाव वापरत. जन्म १९३७, अलिगढ. वडील अलिगढ मुस्लिम विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. झरीनांनी स्वतः तिथेच गणित घेऊन पदवी मिळवली. लग्नानंतर पतीच्या राजनैतिक नोकरीमुळे देशोदेशी राहणे झाले. बँकॉकमध्ये त्या लाकडी ठशाचे काम शिकल्या, पॅरिसमध्ये हेटर यांच्या ‘आतलिए १७’ या कार्यशाळेत मुद्राचित्रण शिकल्या, १९७४मध्ये तोक्योत तोशी योशिदांकडे जपानी पद्धत शिकल्या. त्याआधी दिल्लीत असताना त्यांनी लाकडाचे सापडलेले तुकडे एकमेकांना जोडून त्यांवर शाई फिरवून थेट छाप घेतले. त्या छापांत लाकडाच्या रेषा, फटी आणि कडा यांपलीकडे काही नाही. पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झाल्या आणि २०२०मध्ये लंडनला वारल्या. २०११च्या व्हेनिस बिएनालेत भारताचे पहिले अधिकृत दालन मुंबईच्या रणजित होस्कोटे यांनी रचले, त्यातही त्यांचे काम होते.

१९९९ साली त्यांनी ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ हा छत्तीस वुडकटचा संच केला. न्यूयॉर्कमधली राहती जागा सोडावी लागेल की काय, अशी वेळ आली होती, तेव्हाचे हे काम. प्रत्येक छापावर एक उर्दू शब्द आहे, सुलेखनकाराकडून लिहवून घेतलेला, आणि त्या शब्दाची एक भौमितिक आकृती. घर म्हणजे अलिगढच्या घराचा नकाशा. उंबरठा, दरवाजा, अंगण, भिंत, रस्ता, अंतर, सरहद्द. कुठे एका कोपऱ्यातून आलेली तिरपी रेघ, कुठे चौकोनात चौकोन, कुठे काळ्यावर एकच आडवा पट्टा. माणूस चितारलेला नाही. पण छत्तीस कागद ओळीने पाहिले की कुणीतरी एका घरातून निघते, अंगण ओलांडते, लांब जाते, आणि परत यायला वाट सापडत नाही. त्या माणसाचा चेहरा कागदावर नाही, म्हणून तिथे पाहणाऱ्याला स्वतःचा ठेवता येतो. मी हे सौंदर्यशास्त्राचे तत्त्व म्हणून सांगत नाही. जन्माचे घर पुनर्विकासात पाडले गेलेल्या कुठल्याही डोंबिवलीकराला तो घराचा नकाशा दाखवा, तो बोटाने स्वयंपाकघर कुठे होते ते सांगू लागेल.

दोन वर्षांनी, २००१मध्ये, झरीनांनी ‘डिव्हायडिंग लाइन’ केले. हाताने बनवलेल्या कागदावर एक काळी, वेडीवाकडी रेघ वरपासून खालपर्यंत उतरते. भोवती तुरळक काळे ओरखडे, पटाशी फिरल्याच्या खुणा. बाकी काही नाही. ती भारत आणि पाकिस्तान यांच्यामधली सीमा आहे. वर सांगितलेली वुडकटची रीत इथे आठवा. ही रेघ कोरलेली नाही. रेघ उभी राहावी म्हणून झरीनांनी तिच्या दोन्ही बाजूंचा सगळा प्रदेश पटाशीने खरवडून काढला. सीमा राहिली, जमीन गेली. फाळणीवर शेकडो चित्रे, कथा, चित्रपट झाले. तिचे नेमके स्वरूप माध्यमाच्या क्रियेतच पकडणारे याच्याइतके दुसरे काम माझ्या पाहण्यात नाही. तैलरंगात हे झाले नसते, फोटोतही झाले नसते. ते लाकडातच होऊ शकत होते, आणि माणसांची गर्दी न काढताच होऊ शकत होते.

ही रेघ पट्टीची नाही, मग ती भौमितिक कशी, असे कुणी विचारील. ती नकाशाची रेघ आहे. सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ला पहिल्यांदाच भारतात आले, सुमारे पाच आठवड्यांत त्यांनी पंजाब आणि बंगालवर रेघा ओढल्या, आणि त्या १७ ऑगस्टला, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी, जाहीर झाल्या. कोट्यवधी माणसांचे भवितव्य ठरले ते कागदावरच्या अमूर्त रेघेने. ज्या रेघेने माणसे उठवली तिचे चित्र काढताना रेघच काढली, यात माणसाला वगळणे कुठे आले?

आणि आता सरांचा शेवटचा प्रश्न: कल्याणचा संबंध काय?

सर, आपल्या कल्याणला लागून दुसऱ्या महायुद्धात लष्कराची छावणी होती. कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत ठेवले गेले, सुमारे एक लाख माणसांना. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारींनी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव दिले. सिंधची तर फाळणीही झाली नव्हती. पंजाब आणि बंगाल चिरले गेले, सिंध अख्खा पलीकडे राहिला आणि तिथले हिंदू सिंधी अख्ख्या प्रांताला मुकले. पंजाब्याला निदान अर्धा पंजाब उरला. सिंध्याच्या वाट्याला नकाशात अलीकडे काहीच नव्हते, म्हणून तो सैनिकांसाठी बांधलेल्या, नंबर घातलेल्या, एकाच मापाच्या बराकीत येऊन राहिला. पत्ता काय, तर कॅम्प नंबर, सेक्शन नंबर, बॅरेक नंबर. आजही उल्हासनगरच्या पत्रांवर बॅरेक नंबर असतो, आणि कल्याणात आपण अजून सहज म्हणतो, कॅम्पात जाऊन येतो. चौकोनात कोंबलेले आयुष्य कसे असते, ते या तालुक्याला कुणी परदेशी चित्रकाराने शिकवायला नको. ते इथे घडले आहे. झरीनांची ती काळी रेघ जिथे संपते तिथून उल्हासनगर सुरू होते, आणि उल्हासनगर कल्याणच्या कुशीत आहे. लोकलच्या दारात लटकणाऱ्या माणसांत त्या बराकींची नातवंडे आहेत. त्यांचा या चित्राशी संबंध नाही असे म्हणण्याचा हक्क ना सरांना आहे, ना मला.

तरीही सरांचा सर्वांत भक्कम मुद्दा अजून उभा आहे: वुडकट ही लढाऊ परंपरा आहे आणि तिची धार भूमितीने बोथट केली. या परंपरेबद्दल मला सरांइतकाच आदर आहे. चित्तप्रसाद मुंबईत अंधेरीला राहिले आणि ओढग्रस्तीत राहूनही त्यांनी राबणाऱ्या मुलांची लिनोचित्रे कोरली. होरांनी तेभागा चळवळीतल्या शेतकऱ्यांमध्ये जाऊन रेखाटने केली आणि त्यांतून वुडकट केले. उपासमारीला चेहरा असतो, खपाटीला गेलेले पोट असते, पसरलेला हात असतो. ते दाखवायला माणूसच काढावा लागतो. पण प्रत्येक दुःखाला चेहरा नसतो. विस्थापनाला नकाशा असतो. परकेपणाला अंतर असते. बॉम्बने पाडलेल्या शहराची गोष्ट सांगताना कुणाचा चेहरा निवडणार? २००३मध्ये झरीनांनी उद्ध्वस्त शहरांचे नऊ वुडकट केले. त्यांत सारायेव्हो आहे, बगदाद आहे, बैरूत आहे, २००२च्या दंगलीनंतरचे आपले अहमदाबाद आहे. शहरांचे नकाशे कोरलेले आहेत. न्यूयॉर्क दाखवायला त्यांना काळ्यावर दोन उभ्या रेघा पुरल्या. यात धार कमी झाली असे सर म्हणणार असतील तर त्यांनी तो संच पाहिलेला नाही एवढेच मी म्हणेन. होरांनी स्वतः पुढे काय केले, तेही पाहावे. १९७०च्या दशकातली त्यांची ‘जखमा’ ही मालिका कागदाच्या लगद्यात, पांढऱ्यावर पांढरी आहे. तिच्यात माणूस नाही. चिरलेला, खरचटलेला कागद आहे. तेभागाचा चित्रकार आपल्या पायांनी चालत अमूर्तापर्यंत आला. त्याला कुणी दिवाणखान्याचा चित्रकार म्हणत नाही.

उसनवारीच्या आक्षेपावर फार वेळ घालवायची गरज नाही. लाकडी ठशाने छापलेले, तारीख असलेले सर्वांत जुने उपलब्ध पुस्तक चीनचे, इ. स. ८६८चे. सर ज्या लढाऊ वुडकटचे गोडवे गातात, त्याच्या घडणीत जर्मनीच्या केटे कोलविट्झ होत्या आणि लू शुन यांनी १९३१मध्ये शांघायला सुरू केलेली चळवळ होती. ते परके नसेल तर पापे आणि झरीना परक्या कशा? भौमितिक आधुनिक कला भारतात आली त्याला शंभर वर्षे होऊन गेली. डिसेंबर १९२२मध्ये कलकत्त्याला स्टेला क्रामरिश यांच्या पुढाकाराने बाउहाउसच्या क्ली, कँडिन्स्की, फायनिंगर यांची कामे गगनेंद्रनाथ ठाकुरांच्या चित्रांबरोबर एकाच प्रदर्शनात लागली होती. आणि परके नको ही भाषा कल्याणच्या तोंडी तर मुळीच शोभत नाही. हे गाव बंदर म्हणून जगाला ठाऊक झाले. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने कल्याणहून निघणाऱ्या मालाची नोंद केली, त्यात तांबे आहे, कापड आहे आणि शिसवी लाकडाचे ओंडके आहेत. शिवाजी महाराजांनी १६५७मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर गलबते बांधायला घेतली ती याच खाडीत. ज्या गावाने हजार-दीड हजार वर्षांपूर्वी लाकूड समुद्रापार पाठवले, त्याने लाकडावर कोरलेल्या रेघेला परके म्हणू नये.

इथे माझ्याच बाजूच्या काही मंडळींनाही एक गोष्ट सांगायला हवी. भूमिती आपलीच आहे हे सिद्ध करायला ते लगेच वारली चित्रांकडे धावतात: पाहा, जुन्या ठाणे जिल्ह्यातच वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. हा युक्तिवाद मला पटत नाही. वारल्यांचा चौक लग्नात सुवासिनी काढतात, त्यात पालघट देवी बसते, आणि तो काढल्याशिवाय लग्न लागत नाही. ती श्रद्धेची कृती आहे. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी तिथे पोचले, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हाती कागद आला, आणि त्यातून एक मोठा चित्रकार जगापुढे आला. पण मशे यांच्या त्रिकोणात माणूस आहे, नाचतो आहे, मासे पकडतो आहे. त्यांना अमूर्ताचे आजोबा ठरवणे म्हणजे त्यांचे काम आपल्या सोयीसाठी वापरणे. भौमितिक वुडकटला असे वडीलधारे शोधून आणायची गरज नाही. ते स्वतःच्या कामावर उभे राहू शकते.

छापील प्रतींचा आक्षेप एका गैरसमजातून आला आहे. घरोघरी देवांच्या तसबिरी लावणाऱ्या आपल्या समाजाला छापील चित्र म्हटले की राजा रविवर्म्यांचा छापखाना आठवतो, आधी मुंबईतला, मग लोणावळ्याजवळ मळवलीचा. तिथे आधी रंगवलेले चित्र होते आणि छाप त्याची नक्कल होती. वुडकटमध्ये असे आधीचे चित्र नसतेच. फळी हे चित्र नव्हे, ती उलटी असते आणि शाईने माखलेली. कागदावर उमटते तेच पहिले आणि तेच अस्सल, आणि ठरलेल्या संख्येतली प्रत्येक प्रत, चित्रकाराने पेन्सिलीने क्रमांक आणि सही केलेली, तितकीच अस्सल. गायतोंड्यांचे एक तैलचित्र २०१३ साली मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात २३ कोटी ७० लाखांना गेले. ते एकाच भिंतीवर लागणार. एकाच्या पंचवीस होतात हा मुद्राचित्राचा कमीपणा नाही. गरिबांचे माध्यम असे सर ज्याला म्हणतात, ते याच गुणामुळे.

एक मान्य करतो. या नावाखाली पोकळ काम पुष्कळ होते. नव्या टॉवरच्या लॉबीत, सॅम्पल फ्लॅटच्या सोफ्यामागे, भिंतीच्या रंगाला जुळतील असे चौकोन टांगलेले असतात, त्यांत ना लाकूड दिसते ना हात. सरांचा राग अशा कामावर असेल तर मी त्यांच्या शेजारी उभा आहे. पण वाईट अभंग रचणारे निघाले म्हणून कुणी अभंग टाकून देत नाही. पारख करायची तर तीन गोष्टी पाहाव्यात. लाकडाने कुठे अडवले, ते दिसते का? आकृतीतली एक रेघ झाकली तर चित्र कोसळते का? आणि पाहून झाल्यावर मनात काही उरते का? पापे आणि झरीना या तिन्हींत उतरतात. नसरीन मोहमदींची शाई-पेन्सिलची रेषाचित्रेही, लाकडाचा प्रश्न सोडला तर, उतरतात. त्या मुंबईत राहिल्या, १९९०मध्ये अलिबागजवळ किहीमला वारल्या, आणि २०१६मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयाचे दार त्यांच्या प्रदर्शनाने उघडले. आपल्याकडे किती जणांना त्यांचे नाव ठाऊक आहे?

हे सामान्य माणसाला कळणार नाही, असेही सर म्हणाले. सामान्य माणसाबद्दलचा हा अविश्वास मला सगळ्यात जास्त खुपला. ठाण्याचे सुधीर पटवर्धन माणसांचे, गल्ल्यांचे, रेल्वेचे चित्रकार. उल्हासनगरही त्यांनी रंगवले आहे. सरांना अभिप्रेत असलेला माणूस त्यांच्या चित्रांत भरभरून आहे. त्याच पटवर्धनांनी २००८मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन कलेचे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांत फिरवले, कारण मुंबईबाहेरच्या प्रेक्षकावर त्यांचा विश्वास होता. प्रभाकर बरवे यांनी १९९०मध्ये ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठीत लिहिले. आकार, अवकाश, प्रतिमा यांचा इतका बारीक विचार त्यांनी मराठी वाचकासाठी केला, कारण त्याला तो झेपेल याची त्यांना खात्री होती. सरांनीही ती बाळगावी.

माझी मागणी दोन गोष्टींची आहे. ठसेकाम दुसरीत थांबवू नका. आठवी-नववीच्या मुलांच्या हाती फळीचा तुकडा, पटाशी आणि शाई द्या, आणि एक चौकोन, एक रेघ कोरायला सांगा. लाकूड बाकीचे शिकवील. सरांइतका योग्य माणूस त्यासाठी कल्याणात दुसरा नाही. आणि झरीनांचे वुडकट, जे आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत आहेत, २०२०मध्ये दिल्लीत किरण नाडर संग्रहालयाने मोठ्या प्रदर्शनात मांडले होते, ते एकदा तरी इथे आणावेत. कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर या दोन्ही महापालिकांनी मिळून हे मनावर घ्यावे. दिल्लीपर्यंत आलेले काम कल्याणपर्यंत आणता येते.